तीन वादळांनंतर सीडर की

[दृश्य : गाडीच्या पुढच्या काचेतून दिसणारा आय-७५ महामार्ग. दोन्ही बाजूंना उंच पाइन.]

अटलांटाहून उन्हाळ्याच्या सुट्टीत दक्षिणेकडे निघालेली मराठी कुटुंबे बहुधा डेस्टिनच्या पांढऱ्या वाळूकडे वळतात, नाहीतर ऑर्लँडोकडे. या दोहोंच्या मध्ये, जिथे फ्लोरिडाचा पश्चिम किनारा कोपरात वाकवलेल्या हातासारखा आत वळतो, तो भाग ‘बिग बेंड’ या नावाने ओळखला जातो. तिथे वाळूचे किनारे जवळपास नाहीत आणि उंच हॉटेलेही नाहीत. मैलोन्‌मैल पसरलेली खाजणे, उथळ पाण्याखाली डोलणारे समुद्रगवत आणि मासेमारीवर जगणारी लहान लहान गावे एवढेच तिथे आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी इडेलिया, ५ ऑगस्ट २०२४ रोजी डेबी आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन अशी तीन हरिकेन जेमतेम तेरा महिन्यांत याच पट्ट्यात जमिनीवर आली. हेलीनने सर्वाधिक बळी दूरवरच्या उत्तर कॅरोलायनातील डोंगरांत घेतले, त्यामुळे साऱ्या देशाचे लक्ष तिकडे जाणे स्वाभाविक होते. मात्र ज्या किनाऱ्यावर ते वादळ पहिल्यांदा आदळले, त्याची विचारपूस त्यामानाने फारच थोडी झाली. हेलीननंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या तिन्ही पिढ्या एका गाडीत बसून तो किनारा आणि त्यावरचे ‘सीडर की’ हे बेटांवरचे गाव पाहायला निघाल्या.

[दृश्य : वाल्डोस्टाच्या अलीकडे. कमरेतून मोडलेले पाइन, सगळे एकाच दिशेला झुकलेले.]

मेकन आणि टिफ्टन मागे पडून वाल्डोस्टा जवळ येऊ लागले की रस्त्याकडेच्या झाडांवरून वाऱ्याची दिशा वाचता येते. पेरी या गावाजवळ रात्री अकराच्या सुमारास हेलीन किनाऱ्यावर आले, तेव्हा ते चौथ्या श्रेणीचे हरिकेन होते आणि त्याच्या वाऱ्यांचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होता. शिवाय ते इतक्या झपाट्याने पुढे सरकत होते की फ्लोरिडा ओलांडून जॉर्जियात शिरल्यावरही त्याचे हरिकेनपण टिकून राहिले. समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या शेतकऱ्याने असे वारे क्वचितच पाहिलेले असतात.

[दृश्य : पेकानची बाग. मुळासकट उपटलेला वृक्ष, मुळांना चिकटलेली तांबडी माती.]

अमेरिकेत पेकान हे अक्रोडासारखे कवचफळ पिकवण्यात जॉर्जिया आघाडीवर आहे आणि राज्याच्या दक्षिण भागात पेकानच्या बागा वाडवडिलांपासून चालत आलेल्या आहेत. पेकानचे नवे झाड लावले, तर धंद्यापुरते पीक हाती यायला सात ते दहा वर्षे जातात. बागेच्या मालकांनी आम्हाला आत येऊ दिले. माझे सासरे मूळचे श्रीवर्धनचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनारपट्टीवरील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, त्यांत त्यांची रोठा सुपारीची वाडीही होती. पडलेल्या पेकानच्या बुंध्याशी ते खाली बसले, मुळांच्या चकतीची जाडी त्यांनी वितीने मोजली आणि मालकांना एवढेच विचारले, की नवी रोपे याच खड्ड्यांत लावणार की ओळ बदलणार. मालकांनी ओळ बदलणार असल्याचे सांगितले.

[निवेदन थांबते. सासरे आणि बागमालक पडलेल्या ओळींमधून चालत जातात.]

वाल्डोस्टाहून राष्ट्रीय मार्ग २२१ धरला की क्विटमन आणि ग्रीनव्हिल करत तो पेरीला येऊन संपतो. पेरी हे लाकडाच्या व्यवसायावर वाढलेले गाव आहे. भोवतालच्या पाइनच्या लागवडीवर आधी इडेलिया आणि मग हेलीन घसरले, आणि इडेलियानंतर काही आठवड्यांतच तिथला लाकडाच्या लगद्याचा मोठा कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली. तिथून पुढे किनाऱ्याकडे जाणारा रस्ता खाजणात उतरतो.

[दृश्य : कीटन बीच. ओळीने उभे असलेले लाकडी खांब. वर काहीही नाही. एका खांबाला लटकणारा जिना.]

कीटन बीच येथे घरे उंच खांबांवर बांधण्याची जुनी रीत आहे. चित्रात दिसणारे खांब त्याच घरांचे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या अंदाजानुसार हेलीनच्या उधाणाचे पाणी या भागात जमिनीपासून १५ फुटांहून अधिक चढले होते. एवढे पाणी इथेच का चढते, याचे कारण समुद्राच्या तळात आहे. बिग बेंडसमोरचा समुद्रतळ अत्यंत मंद उताराचा आहे आणि किनाऱ्यापासून कित्येक मैल आत गेले तरी पाणी उथळच राहते. खोल समुद्रात वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला खालून परत फिरायला वाव मिळतो. इथे तो मिळत नाही, त्यामुळे पाणी साचत आणि चढत किनाऱ्यावर येते. त्यातच किनाऱ्याचा आकार आत वळलेला असल्यामुळे आलेले पाणी कोंडले जाते. म्हणूनच या भागात वाऱ्यापेक्षा पाण्याची धास्ती अधिक असते. जवळच्याच डेकल बीचवर मार्च १९९३ मध्ये, हरिकेनच्या हंगामाशी काहीही संबंध नसताना, हिवाळी वादळाने रात्रीतून असेच पाणी चढवले आणि टेलर काउंटीच्या या किनाऱ्यावर दहा जणांचा जीव घेतला. ती रात्र आठवणारी माणसे अजून इथे आहेत आणि हेलीनच्या वेळी घर सोडा म्हटल्यावर ती सर्वांत आधी निघाली.

[दृश्य : स्टीनहॅची. होडी, मुखवटा लावून पाण्यात उतरणारी मुले. पाण्याखाली गवत.]

या उथळ समुद्राची दुसरी बाजू स्टीनहॅचीला दिसते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत असल्यामुळे इथे समुद्रगवताची कुरणे वाढली आहेत, आणि ती उत्तर अमेरिकेतील सर्वांत विस्तीर्ण कुरणांपैकी आहेत. १९८५ पासून फ्लोरिडा राज्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे. १५ जूनला इथे स्कॅलप ही खाण्याची शिंपली गोळा करण्याचा हंगाम सुरू होतो. होडीवाल्याने चार-पाच फूट पाण्यात नांगर टाकला आणि मुलांनी तोंड पाण्याखाली घालून गवत धुंडाळायला सुरुवात केली. मुलीच्या ओंजळीतला हा स्कॅलप पाहा. दोन शिंपांच्या फटीतून, कडेने ओवल्यासारखे दिसणारे ते निळे ठिपके म्हणजे त्याचे डोळे आहेत. त्या डोळ्यांना सावली जाणवताच तो शिंपा आपटून उडी घेतो आणि गवतात नाहीसा होतो. होडीवाल्याने सांगितले की नदीकाठचा धक्का वाहून गेला, बर्फाचे यंत्र गेले, आणि तरीही गवत जागेवर आहे म्हटल्यावर त्याने नव्या होडीसाठी कर्ज काढले.

[दृश्य : सुवानी नदीवरचा पूल. मग राज्य मार्ग २४, शेवटचे लहान पूल, दोन्ही बाजूंना खाजण.]

क्रॉस सिटी, सुवानीवरचा पूल आणि चीफलँड मागे टाकून राज्य मार्ग २४ ला लागले की तो मार्ग जिथे संपतो तिथे सीडर की आहे. पुलांनी जोडलेल्या बेटांवरचे हे गाव, लोकवस्ती सुमारे ७००. आमच्या प्रवासाचा मुख्य मुक्काम हाच होता, आणि या चित्रफितीचा मोठा भाग इथेच खर्च करावा असे आम्ही चित्रीकरण पाहताना ठरवले.

[दृश्य : समोरचे निर्जन बेट. विटांचे अवशेष, झाडीतील जुनी स्मशानभूमी.]

समोर दिसणारे अत्सीना ओटी हे बेट म्हणजे मूळ गाव. १८६१ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरील फर्नँडिनाहून निघालेला लोहमार्ग अत्सीना ओटीच्या शेजारच्या बेटावर येऊन पोहोचला आणि फ्लोरिडाचे दोन समुद्र पहिल्यांदा रुळांनी जोडले गेले. या परिसरातील सीडरचे लाकूड पेन्सिलींसाठी उत्तम ठरले. एबरहार्ड फेबर यांच्या गिरणीत त्याच्या पट्ट्या कापल्या जात आणि जहाजाने उत्तरेकडच्या कारखान्यांना पाठवल्या जात. जंगल संपत आले होते, तशात २९ सप्टेंबर १८९६ च्या हरिकेनने अत्सीना ओटी धुऊन नेले. वाचलेली माणसे शेजारच्या बेटावर सरकली; आजचे सीडर की ते हेच. पुढे ताडाच्या जातीच्या झाडांच्या तंतूंपासून ब्रश बनवण्याचा उद्योग काही दशके चालला. १९५० च्या सप्टेंबरमध्ये आणखी एका हरिकेनने गावातली बरीच घरे मोडली. त्यानंतर गाव मुख्यतः मासेमारीवर, विशेषतः बोय या माशावर, जगत राहिले.

[दृश्य : जुने छायाचित्र : धक्क्यावर वाळत घातलेली जाळी.]

नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी मासे अडकवणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर बंदी घालणारी घटनादुरुस्ती मान्य केली आणि १ जुलै १९९५ पासून ती लागू झाली. समुद्रातील मासे वाचावेत हा हेतू रास्त होता, परंतु सीडर कीच्या घराघरांतले जाळे त्या दिवशी भिंतीवर टांगले गेले. कालवे (ऑयस्टर) काढणाऱ्यांवर पाण्याच्या दूषिततेमुळे आधीच निर्बंध आलेले होते. त्या काळात हार्बर ब्रँच या सागरी संशोधन संस्थेच्या प्रशिक्षकांनी आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या विस्तार विभागाने इथल्या मच्छीमारांना तिसऱ्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती शिकवली. राज्याने समुद्रतळाचे, सर्वसाधारणपणे दोन एकरांचे, तुकडे भाडेपट्ट्याने दिले. आज फ्लोरिडात पिकणाऱ्या तिसऱ्यांचा सर्वांत मोठा वाटा या एका गावाच्या आसपासच्या पाण्यातून येतो.

[दृश्य : बीजोत्पादन केंद्र. हिरव्या-तपकिरी द्रवाने भरलेल्या उभ्या पारदर्शक नळ्यांची रांग.]

ही शेती कशी होते ते आम्हाला सुरुवातीपासून पाहता आले. प्रौढ तिसऱ्या उथळ तबकांत ठेवून पाण्याचे तापमान हळूहळू वाढवले जाते, त्यासरशी त्या अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात. त्यांतून जन्मलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लांना सूक्ष्म शैवाल खाऊ घालावे लागते. समोरच्या नळ्यांतला रंगीत द्रव म्हणजे तेच शैवाल. सुमारे दोन आठवडे पोहल्यानंतर ही पिल्ले तळाशी बसतात आणि शिंपा धरू लागतात. तळहातावर घेतलेले हे बी सुमारे एक मिलिमीटरचे आहे. सासूबाईंनी ते चिमटीत घेऊन बोटांवर चोळून पाहिले तेव्हा ते रव्याहून थोडे भरड लागले, असे त्या म्हणाल्या. जवळून चित्रित केल्यावर मात्र प्रत्येक कणावर कंगोरे आणि तपकिरी रेषा स्पष्ट दिसतात. पूर्ण वाढलेल्या तिसरीचे रूप त्या कणात आधीच उतरलेले असते.

[दृश्य : पहाट. सपाट तळाच्या होड्या. छातीइतक्या पाण्यात उभी असलेली माणसे.]

सतत समुद्राचे पाणी खेळवलेल्या कुंड्यांत हे बी पाच-सहा मिलिमीटरचे झाले की ते बारीक जाळीच्या पिशव्यांत भरून समुद्रतळावर नेले जाते. तिथे ते थोडे वाढले की मोठ्या छिद्रांच्या पिशव्यांत त्याची पुनर्लागवड होते, जशी भाताच्या रोपांची आवणी होते. चार फूट लांब आणि चार फूट रुंद अशा एका पिशवीत साधारण हजारभर तिसऱ्या असतात. पाकट आणि खेकडे यांच्यापासून राखण म्हणून पिशव्यांवर आणखी एक जाळी अंथरतात. त्यांना खाद्य घालावे लागत नाही, औषध द्यावे लागत नाही. वाहत्या पाण्यातले शैवाल त्या गाळून खातात आणि पाणी स्वच्छ करून सोडतात. बारा ते अठरा महिन्यांनी पिशव्या यंत्राच्या दोरीने होडीवर ओढल्या जातात. आमच्या कॅमेऱ्यासमोर वर आलेल्या पिशवीतून आधी करडा गाळ ओघळला, मग एक चिंबोरी निसटली, आणि त्यानंतर तिसऱ्यांचा खणखणाट ऐकू आला.

[निवेदन थांबते. वर्गवारीचे फिरते यंत्र. आकारानुसार खाली पडणाऱ्या तिसऱ्या.]

वादळात या शेतीचे काय होते, हे या मांडणीवरून समजते. पाण्याखालच्या पिशव्या वाऱ्यात उडत नाहीत, त्यामुळे बाहेरच्याला वाटते की पीक सुरक्षित आहे. प्रत्यक्षात लाटा तळ ढवळतात, वरची जाळी फाटते, आणि पिशव्या गाळाखाली गाडल्या जाऊन आतल्या तिसऱ्या गुदमरतात. पाण्याची शुद्धता तपासून होईपर्यंत राज्य काढणी बंद ठेवते, त्यामुळे वाचलेले पीकही विकता येत नाही. याहून मोठा घाव जमिनीवर बसतो. बीजोत्पादन केंद्रे, कुंड्या, पंप, शीतगृहे हे सारे पाण्याच्या कडेलाच असावे लागते आणि उधाण पहिल्यांदा तिथेच शिरते. वीज गेली की शैवाल मरते, शैवाल मेले की बी मरते, आणि सप्टेंबरमध्ये मेलेल्या बियांची उणीव दीड वर्षानंतरच्या बाजारात दिसते. म्हणूनच इडेलियानंतर घातलेले बी हाताशी येण्याआधी डेबी आणि हेलीन आले, या एका वाक्यात इथल्या शेतकऱ्याची सारी अडचण सामावलेली आहे.

[दृश्य : डॉक स्ट्रीट. जळालेल्या आणि वाहून गेलेल्या दुकानांच्या रिकाम्या जागा. नवे लाकूड, हातोड्यांचे आवाज.]

हेलीनच्या आठवडाभर आधी गावातल्या काही दुकानांना आग लागली होती. त्यानंतर आलेल्या उधाणाने १८९६ नंतर इथे नोंदवलेल्या सर्व पातळ्या मागे टाकल्या. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर केंद्रीय पूरनियमांप्रमाणे घर आजच्या निकषांनुसार उंच उचलावे लागते. ज्यांना ते परवडले नाही, त्यांपैकी कित्येकांनी गाव सोडले.

[दृश्य : एअरपोर्ट रोड. रस्ता आणि पाणी यांच्यामधला गवताचा पट्टा. ओहोटीत उघडे पडलेले कालवांचे थर.]

विमानतळाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या कडेला संरक्षक भिंत नाही, याकडे मुलाने आमचे लक्ष वेधले. फ्लोरिडा विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र गावातच आहे. त्या केंद्राने गावाच्या साथीने इथे ‘जिवंत किनारा’ तयार केला आहे. आधी वाळूची भर घालून उतार मंद केला, पाण्याच्या बाजूला कालवांना धरून बसता येईल असे अडथळे रचले, आणि त्यामागे खाजणातले गवत हाताने लावले. सिमेंटच्या भिंतीवर आपटलेली लाट तळ खरवडत परत जाते. गवतातून येणारी लाट पात्यापात्याला अडत तिचा जोर हरवून बसते आणि सोबत आणलेला गाळ तिथेच टाकते. प्रचंड उधाण गवताच्या डोक्यावरून जाते, हे खरे आहे. परंतु वर्षभराच्या लहानमोठ्या वादळांत रस्त्याची धूप याच पट्ट्याने रोखली आहे, आणि गवताच्या मधूनमधून आता काळ्या खारफुटीची रोपे आपसूक उगवत आहेत. कडाक्याची थंडी विरळ झाल्याने खारफुटी उत्तरेकडे सरकत इथवर आली आहे. सासऱ्यांनी त्या रोपांची पाने उलटून पाहिली. पानाच्या पाठीवर साचलेले मीठ बोटाला लागते.

[दृश्य : धक्का. एका बाजूला तिसऱ्यांच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला रिकाम्या भूखंडावरची विक्रीची पाटी.]

वादळाने मोकळ्या झालेल्या पाण्याकाठच्या जागांना सुट्टीतली घरे बांधू पाहणाऱ्यांकडून मागणी येणे साहजिक आहे. मात्र होडी लावायला, पंप बसवायला आणि पेट्या भरायला गावाकडे जो थोडासा पाण्याकाठ आहे, तो एकदा खासगी बंगल्यांकडे गेला की समुद्रतळाचा भाडेपट्टा हातात असूनही शेती करता येणार नाही. अशा कामाच्या काठासाठी जमीन विकत घेऊन राखण्याकरता फ्लोरिडात स्टॅन मेफिल्ड यांच्या नावाने सरकारी अनुदानाची योजना २००८ पासून आहे. वादळानंतरच्या मदतीत या योजनेला अग्रक्रम मिळावा, असे आम्हाला ठामपणे वाटते. छपरे आणि रस्ते उभे राहतीलच. त्यांच्याखाली राहणाऱ्यांचा रोजगार या काठावर अवलंबून आहे.

[दृश्य : पेटीवर लावलेली पट्टी : काढणीची जागा, तारीख, वेळ. सासूबाई पट्टी वाचतात.]

या जूनमध्ये पेरलेले बी पुढच्या वर्षाअखेरीपर्यंत काढणीला येईल. सीडर कीला येणाऱ्याने गावातच मुक्काम करावा आणि तिसऱ्या इथल्याच धक्क्यावरून घ्याव्यात. प्रत्येक पिशवीवर काढणीची जागा, तारीख आणि वेळ लिहिलेली असते, ती पाहून घ्यावी. घरी नेताना त्या बर्फावर ठेवाव्यात, पण वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडू देऊ नयेत, कारण गोड्या पाण्यात त्या मरतात. ओले फडके टाकून पेटीच्या तळाची तोटी उघडी ठेवली, तर अटलांटापर्यंतच्या सहा-सात तासांच्या प्रवासात त्या जिवंत राहतात.